तळघरातला भोपळा

भोपळा करावा असं माझ्या मनातही नव्हतं. मी वटवाघूळ करायला बसलो होतो, तेही वीतभर, अंड्यांच्या पुठ्ठ्यातून. ते वटवाघूळ त्या दिवशी बरं जमलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जूनमध्ये मी निवृत्त झालो. आमच्या जिल्ह्याच्या दस्तनोंदणी कचेरीत मी एकतीस वर्षं काढली. खरेदीखतं, गहाणखतं, जन्ममृत्यूचे दाखले, सैनिकांची सुटकापत्रं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झाला नाही. निरोपाच्या जेवणात हे वाक्य तीन जणांनी म्हटलं आणि आभाराच्या भाषणात मी स्वतः चौथ्यांदा म्हटलं. मग घरी आलो. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या बाटल्या अकारविल्हे लावल्या. दुसऱ्या महिन्यात हातमोजे लावले. कोरिन, म्हणजे माझी बायको, तोपर्यंत काही बोलली नव्हती. पण मी तिचे बूट खरेदीच्या सालाप्रमाणे लावायला काढले तेव्हा तिने वाचनालयाची एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. शनिवारी सकाळी, विनामूल्य, 'घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून शरदाची आणि हॅलोवीनची सजावट.'

"जा, हाताने काहीतरी कर," ती म्हणाली. "ज्याला अनुक्रमांक नसतो असं काहीतरी."

हॅलोवीनच्या बाबतीत आमच्या घराची पत तशी घसरलेलीच होती. गेल्या वर्षी मी दुकानातून हवा भरायचं भूत आणलं होतं. ते दुपारी चारला ताठ उभं होतं आणि पोरं गोळ्या-चॉकलेटं मागायला दारात येऊ लागली तोवर हवा जाऊन हिरवळीवर पालथं पडलं. एका मुलीने आईला विचारलं होतं, यांचं भूत मेलं का. लिंडनफोर्डसारख्या लहान गावात असला प्रश्न वर्षभर टिकतो.

तर मी वाचनालयात गेलो. खुर्च्या इतक्या बुटक्या होत्या की माझे गुडघे हनुवटीला लागत होते, आणि मला आणि शिकवणाऱ्या बाईंना सोडलं तर तिथे सर्वांत वयस्कर माणूस नऊ वर्षांचा होता. दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनची भुतं, पुठ्ठ्याच्या नळीची घुबडं, जुन्या मोज्यांचे कोळी असं सगळं चाललं होतं. मी मन लावून वटवाघूळ केलं. शेजारच्या चिमुरडीने ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि ही कुणाची मिशी आहे असं अगदी सभ्यपणे विचारलं. वाचनालयाच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की शेवटी प्रयत्न महत्त्वाचा. एकतीस वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. दस्तनोंदणीत प्रयत्न महत्त्वाचा नसतो.

घरी येतानाच मी ठरवलं, करायचं तर असं करायचं की कोपऱ्यावरून दिसलं पाहिजे आणि मिशी वाटता कामा नये. मिशी वाटणार नाही अशी गोल वस्तू म्हणजे भोपळा.

सामान घरात होतंच. कोरिनने तीन वर्षांपूर्वी व्यायामासाठी एक भला थोरला रबरी चेंडू घेतला होता. त्यावर ती दोनदा बसली होती आणि दोनदा पडली होती. तो तळघरात होता. त्याच्याभोवती फाका दिसाव्यात म्हणून दुधाचे रिकामे कॅन कापून बांधायचे, वरून तारेची जाळी, आणि जाळीवर पिठाच्या खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या. एकावर एक थर. वर देठ म्हणून गालिच्याच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी. एक पैसा खर्च नाही.

तळघरात काम करण्याचा फायदा असा की कुणी बघत नाही. तोटा असा की शेजारी ड्वेन पुलास्की बघतो. ड्वेन आयुष्यभर पत्र्याचं काम करत होता. त्याच्याकडे जगातलं प्रत्येक हत्यार आहे आणि प्रत्येक विषयावर मत आहे, आणि तो दोन्ही न मागता देतो. त्याने पहिल्याच दिवशी जाळी पाहून सांगितलं की दोन थरांत भागणार नाही, सात हवेत. मी म्हटलं, सात थर म्हणजे बराच कागद. तो म्हणाला, मग काय, भोपळा करतोयस की लिफाफा?

सात थर म्हणजे खरंच फार कागद. निळ्या डब्यातली रद्दी दुसऱ्याच थराला संपली. हल्लीची वर्तमानपत्रं पातळ झाली आहेत. मग मी तळघराच्या भिंतीशी रचलेल्या रद्दीकडे वळलो. तिथे आमची जुनी मासिकं होती, आणि त्यांना लागूनच एक तपकिरी खोकं होतं. त्यात बियाण्यांच्या कंपन्यांच्या जुन्या याद्या, पशुखाद्याची बिलं, कुठल्या तरी पिवळट जाड कागदांचा गठ्ठा. कागद सुरेख होता. जुना, धाग्याचा, दमदार. खळ पीत होता पण गळत नव्हता. कागदाची पारख मला आहे. अडचण एवढीच की त्या क्षणी चष्मा नव्हता. काचांवर खळ उडते म्हणून मी तो वर ठेवून आलो होतो.

इथे सासरेबुवांबद्दल सांगायला हवं. आर्विड टॉलेफसन, वय ब्याण्णव. साठ वर्षं दुभत्या गाई सांभाळल्या आणि बोलायचं ते बहुतेक त्यांच्याशीच बोलून घेतलं. वसंतात घराच्या पायरीवरून घसरले तेव्हापासून ते आमच्याकडे तळमजल्यावरच्या खोलीत होते, आणि त्यांना आमच्याकडे राहायचं नव्हतं. त्यात आमच्याबद्दल आकस नव्हता. तलावाकाठी माजी सैनिकांसाठी एक निवास आहे, तिथे त्यांचा कोरियातल्या तुकडीतला दोस्त सेल्मर राहतो आणि रोज दुपारी पत्ते खेळतो. सेल्मरचा पत्त्यांतला जोडीदार उन्हाळ्यात वारला होता. जागा कधी रिकामी होते याची आर्विड वाट बघत होते. रोज सकाळी टपाल आलं की विचारायचे, "काही आलं?" मी नाही म्हणायचो. ते म्हणायचे, "सेल्मरला वाईट खेळणारा जोडीदार मिळेल." आणि पुन्हा खिडकीतून रस्ता बघत बसायचे. मला ते बघवत नसे. त्यांना मी फारसा आवडत नसावा अशी माझी समजूत होती, कारण एकदा त्यांनी विचारलं होतं की दस्तनोंदणीत माणूस दिवसभर नेमकं काय करतो, आणि मी सांगू लागल्यावर ते झोपले होते.

असो. सातवा थर वाळला, रंग उरकला. रंगही घरचाच. गॅरेजच्या दाराचा लाल आणि जुन्या न्हाणीघराचा पिवळा मिसळून जे झालं त्याला कोरिन टोमॅटोचं सूप म्हणाली, पण मी ते मनावर घेतलं नाही. भोपळा साडेतीन फूट रुंद झाला होता आणि देठासकट साडेचार फूट उंच.

उंचीचा विषय निघाला म्हणून मी गावच्या कचेरीत सहज चौकशी केली. सहज चौकशी करणं ही माझी चूक. ट्रूडी नावाच्या बाईंनी नियमांची वही उघडून सांगितलं की पुढच्या अंगणातली चार फुटांपेक्षा उंच कोणतीही वस्तू 'तात्पुरतं बांधकाम' ठरते. त्याला अर्ज, अंगणाचा नकाशा, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती. कागदाचं असेल तर अग्निशमन दलाच्या प्रमुखाचा दाखला.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. अर्ज म्हणजे माझा प्रांत. मी घरी बसून तो इतका सुबक भरला की फोटो काढून ठेवावा. ट्रूडीने तो परत केला, कारण सही निळ्या शाईत होती आणि काळी हवी होती. मी दुसरा दिला. तो परत आला, कारण नकाशात उत्तर दिशा दाखवली नव्हती. अगदी याच कारणासाठी मी एकतीस वर्षांत किती लोकांचे कागद परत केले असतील याचा विचार करत मी तिथल्या बाकावर बसलो. तिसऱ्यांदा ट्रूडी अतिशय प्रेमाने म्हणाली, "हॅफनर साहेब, असं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्यांदा भरताना सगळ्यांचं चुकतं."

अग्निशमनचा प्रमुख तळघरात येऊन भोपळ्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून गेला. टाकणखाराचं पाणी फवारा आणि आत मेणबत्ती लावणार नाही असं लिहून द्या, एवढं त्याने सांगितलं. मी फवारलं, लिहून दिलं. सोमवारी शिक्क्यासह परवानगी मिळाली. जाताना प्रमुख एक वाक्य बोलून गेला होता ते मी नीट ऐकलं नव्हतं. तो म्हणाला होता, "बाहेर काढताना मजा येणार आहे."

तळघराचं दार अडीच फुटांचं आहे.

मंगळवारी सकाळी मी आणि ड्वेन भोपळा जिन्यावरून वर चढवत होतो तेव्हा हे उघडकीला आलं. आधी भोपळा अडकला, मग त्याच्यामागे मी अडकलो. ड्वेन वरच्या बाजूला होता, त्यामुळे त्याला स्वयंपाकघरात जाऊन कॉफी घेता आली. मला भोपळा आणि भिंत यांच्यामध्ये उभं राहून लोकांची मतं ऐकावी लागली. पलीकडच्या मिसेस ब्रँट आल्या. त्यांनी सुचवलं की पाणी मारून मऊ करावा. टपालवाल्याने सांगितलं की त्याच्या भावाने तळघरात होडी बांधली होती आणि ती अजून तिथेच आहे. ड्वेनचं मत पडलं की चौकट काढावी लागेल, आणि चौकट काढायची तर वरची तुळई टेकवावी लागेल, आणि हत्यारं त्याच्याकडे आहेत. तो ती आणायला उठलाही होता. कोरिनने त्याला हाताला धरून बसवलं.

आर्विड आपल्या काठीचा आधार घेऊन आले, दारातल्या त्या टोमॅटोरंगी गोलाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वासरू आडवं आलं की आत ढकलून वळवावं लागतं." साठ वर्षांचा अनुभव होता, पण वळवून उपयोग नव्हता. भोपळा सगळीकडून सारखाच रुंद होता. शेवटी आम्ही तो परत खाली घेतला. माझी कंबर धरली ती वेगळीच.

बुधवारी सकाळी नऊला फोन वाजला. निवासातून होता. कोपऱ्यातली खोली रिकामी झाली आहे, सेल्मरच्याच मजल्यावर. यादीत आर्विड पहिले आहेत. फक्त त्यांच्या लष्करातल्या सुटकेचा मूळ कागद शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आणून दाखवा. नाही जमलं तर खोली पुढच्या माणसाला द्यावी लागेल, नियम आहे.

कोरिनने फोन ठेवला आणि वडिलांच्या खोलीत जाऊन सांगितलं. मी दारातून बघत होतो. आर्विडनी उठून कपाटातून आपली एकुलती एक बॅग काढली, पलंगावर ठेवली आणि तिच्यात पत्त्यांचे दोन जोड टाकले. मग कपडे शोधू लागले.

कोरिन बाहेर येऊन मला म्हणाली, "कागद तळघरात आहे. डॅडचं ते तपकिरी खोकं, बियाण्यांच्या याद्यांचं. आणतोस?"

मी हो म्हणून खाली गेलो. खोकं तिथे होतं. त्यात फक्त एक रबरबँड उरला होता.

मी भोपळ्याला टेकून जमिनीवर बसलो. मग पायऱ्या चढून मागच्या दाराने गॅरेजमध्ये गेलो आणि माझ्या जुन्या कचेरीत फोन लावला. माझ्या जागी आता रेनाटा आहे. तिला मीच काम शिकवलं. पूर्वी आमच्याकडे सैन्यातून परतलेली मुलं आपलं सुटकापत्र नोंदवून ठेवत, म्हणजे मूळ कागद हरवला तरी शिक्क्याची नक्कल मिळे. लष्कराच्या स्वतःच्या दप्तरातली त्या काळची बरीच कागदपत्रं आगीत गेली आहेत, तिथून काही मिळायची आशा नव्हती. रेनाटाने संगणकात टॉलेफसन शोधलं. नाही. स्पेलिंगमधला एक एल कमी करून शोधलं. नाही. मी विचारलं, नीट बघितलंस ना. ती म्हणाली, सर, ही सूची तुम्हीच केली आहे, तुम्हीच म्हणता ना की तिच्यात नसेल तर ते जगात नाही.

मी असं म्हणायचो, हे खरं आहे.

मग दुसरा मार्ग राहिला नाही. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की कागद हरवला असेल तर लगेच येऊन सांगा, लपवलं की गुंता वाढतो. काउंटरच्या पलीकडून हे सांगायला फार सोपं असतं. मी स्वयंपाकघरात गेलो. कोरिन वडिलांचे सदरे इस्त्री करत होती.

"कागद भोपळ्यात आहे," मी म्हटलं.

"भोपळ्याच्या मागे?"

"नाही. भोपळ्यात."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने विचारलं, किती थर आहेत. मी सात म्हटलं. कितव्या थरात. मी म्हटलं, तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत कुठेही, पट्ट्या करून. तिने एकदा वडिलांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आतून बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला. मग तिने पाव कापायची मोठी सुरी घेतली आणि तळघराच्या पायऱ्या उतरू लागली.

सुरी पहिल्या फटक्यात वाकली. टाकणखार आणि सात थर यांचा असा काही दगड झाला होता की परवानगी देणाऱ्या माणसाने पाहिलं असतं तर त्याला कायमचं बांधकाम म्हटलं असतं. ड्वेनला बोलवावंच लागलं. तो पत्रा कापायची करवत घेऊन आला, आणि या माणसाचं मी आयुष्यभर ऋण मानीन, का कापायचं हे त्याने विचारलं नाही. त्याने भोपळा देठापासून तळापर्यंत सरळ दोन भागांत कापला. आतला रबरी चेंडू मोठ्याने फुटला. वरून आर्विडचा आवाज आला, "कोण पडलं?"

आम्ही कपडे धुवायच्या टाकीत कोमट पाणी भरलं. जाळी आणि कॅन काढून अर्ध्या भोपळ्यांच्या आतल्या बाजूने थर सोलायचे, तुकडे पाण्यात टाकायचे, सुटले की एकेक पट्टी टॉवेलवर पसरायची. बाहेरचा रंगवलेला थर तेवढा सोडला. कोरिन एक शब्द बोलत नव्हती. तिने फक्त एकदा माझा चष्मा वरून आणून माझ्या नाकावर बसवला. बसवताना जरा जास्तच जोर लावला.

दुपारी आर्विड पायऱ्यांच्या वरच्या टोकाला येऊन उभे राहिले. टॉवेलवर शेकडो पट्ट्या, टाकीत मी कोपरापर्यंत, आणि ड्वेन केस वाळवायचं यंत्र धरून. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरले आणि खालच्या पायरीवर बसले. तेव्हा मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, चष्म्यासकट. ब्याण्णव वर्षांच्या माणसाला त्याचा कागद तुम्ही खळीत बुडवलात हे सांगताना कुठे बघायचं असतं ते मला माहीत नाही. मी टाकीतल्या पाण्याकडे बघत सांगितलं.

मग त्यांनी हात पुढे करून जवळची एक पट्टी उचलली, डोळ्यांजवळ नेली.

"बर्था," ते म्हणाले. "मार्चमध्ये रोज एकतीस पौंड. छान गाय होती."

ती दुधाची नोंद होती. त्या पिवळट जाड गठ्ठ्यातला बराचसा कागद त्यांच्या गाईंच्या दुधाचा हिशेब होता. त्यांनी दुसरी पट्टी मागितली. कोरिनने दिली. पुढचा तासभर आम्ही सोलत होतो आणि ते वाचत होते, कुठली गाय लाथ मारायची, कुठल्या गाईला कोरिन लहानपणी सणाला टोपी घालायची. कोरिन मागे वळून म्हणाली की तिने कधीही गाईला टोपी घातली नव्हती. भोपळा कापल्यापासून तो तिचा पहिला शब्द होता. आर्विड म्हणाले, घातली होतीस, आणि तिला बसलीही होती.

संध्याकाळपर्यंत सुटकापत्राच्या चार पट्ट्या मिळाल्या. एकीवर 'सन्मानपू' एवढं होतं. 'र्वक' सापडलं नाही. मी गुरुवारी सकाळी निवासात फोन करून विचारलं की चार पट्ट्या चालतील का. पलीकडच्या बाईंना वाटलं मी कुठल्या औषधाबद्दल बोलतोय. समजल्यावर त्या अतिशय नम्रपणे नाही म्हणाल्या.

आर्विडसमोर बसून मी हे सांगितलं. बॅग पलंगावर तशीच होती. मी म्हटलं, "माझं चुकलं. तुमची खोली माझ्यामुळे जाईल."

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तुझ्या कचेरीत एक आहे ना."

मी समजावून सांगितलं की नाही, तिथे बघून झालं, सूचीत नाव नाही. ते म्हणाले, सूचीचं मला माहीत नाही, मी स्वतः दिलाय. परत आलो त्याच आठवड्यात, डिसेंबर त्रेपन्न, शनिवारी. आधी कचेरी, मग केशकर्तनालय, मग नाच. त्या नाचात कोरिनची आई भेटली. तारीख कशी विसरेन? पाच डिसेंबर.

कोरिनने माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची किल्ली आधीच घेतली होती.

सूचीत नाव नसलं तरी तारीख असेल तर मूळ वही उघडता येते. त्या वह्या कचेरीच्या मागच्या खोलीत आहेत, प्रत्येक वही उशीएवढी. रेनाटाने त्रेपन्नची काढली. पाच डिसेंबरला तीन नोंदी होत्या. एक बैलाची विक्री, एक कुंपणाचा वाद, आणि तिसरी, सुबक तिरप्या अक्षरात, आर्विड टॉलेफसन, सन्मानपूर्वक मुक्त. सगळाच्या सगळा कागद हाताने उतरवलेला, खाली शिक्का. माझे डोळे भरून आले होते, पण ते रेनाटाला दिसू नये म्हणून मी जुन्या शाईच्या प्रतीबद्दल काहीतरी बोललो.

ती संगणकावर काहीतरी बघत होती. म्हणाली, "सर, सूचीत आहे. हे बघा."

वहीच्या पानाचा क्रमांक टाकून तिने शोधलं होतं. नोंद होती. नावाच्या रकान्यात 'आर्विडसन, टॉलेफ' असं होतं. नव्वद साली जुन्या वह्यांची सूची संगणकात भरली ती मी. भरणाऱ्याची आद्याक्षरं शेजारी स्वच्छ दिसत होती. त्या वेळी आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. दर रविवारी मी त्या माणसाच्या टेबलावर जेवत होतो.

रेनाटा जराही हसली नाही. तिने शिक्क्याची नक्कल करून दिली, आणि मग खणातून दुरुस्तीचा अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. 'नोंदीतील चूक, चुकीचे कारण, चूक करणाऱ्याची सही.' हा नमुना मीच तयार केला होता. मी कारणाच्या रकान्यात 'दुर्लक्ष' लिहिलं आणि काळ्या शाईत सही केली.

शुक्रवारी साडेदहाला आम्ही तिघं निवासात पोचलो. बाईंनी नक्कल उलटसुलट पाहिली, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि चालेल म्हणाल्या. चालेल हा शब्द मी आयुष्यात इतक्या लोकांना म्हटला असेन; तो ऐकणाऱ्याला काय वाटत असेल हे मला तोवर कळलं नव्हतं. सेल्मर व्हरांड्यातच चाकाच्या खुर्चीत वाट बघत होता. दोघांनी एकमेकांना मिठी वगैरे मारली नाही. सेल्मर म्हणाला, "उशीर केलास." आर्विड म्हणाले, "जावयाला विचार." आणि दोघं पत्त्यांच्या खोलीकडे निघाले. बॅग मी खोलीत नेऊन ठेवली.

परतीच्या वाटेवर गाडी कोरिन चालवत होती. तलाव मागे पडला, मक्याची कापलेली शेतं लागली, आणि तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतेय. तिने गाडी कडेला घेतली. ती हसत होती. "टॉलेफ," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलता येईना. मग मीही हसू लागलो. बुधवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी त्या हसण्याबरोबर उतरलं. मागून येणारा ट्रॅक्टरवाला काही मदत हवी का विचारून गेला.

अर्धे भोपळे तळघराच्या दारातून अलगद बाहेर आले. आम्ही ते हिरवळीवर पाठ टेकवून, खोलगट बाजू रस्त्याकडे करून शेजारी-शेजारी ठेवले, जाळी पुन्हा आत बसवून वाळकी पानं भरली, बाहेरून ड्वेनने वाळलेली मक्याची ताटं बांधली. देठ काढल्यावर उंची चार फुटांच्या आत आली होती, म्हणजे परवानगीची गरजच उरली नव्हती. मी ती तरीही चौकटीत घालून गॅरेजमध्ये लावली आहे. हॅलोवीनच्या दिवशी, मंगळवारी चार वाजल्यापासून पोरं येऊ लागली आणि गोळ्या घेऊन जायच्या ऐवजी त्या अर्ध्या भोपळ्यांत जाऊन बसू लागली. परी, डॉक्टर, एक डायनोसॉर, पानांत कंबरेपर्यंत. आयाबाया फोटो काढत होत्या. मिसेस ब्रँट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की दोन तुकडे करायची कल्पना त्यांनीच दिली होती. मी पायरीवर बसून होतो आणि कुणाचंही काहीही खोडून काढत नव्हतो.

सहाच्या सुमाराला फोन आला. आर्विड होते. अकरा डाव जिंकले, सेल्मरची नजर कमी झालीय पण जीभ तशीच आहे, जेवणात मीठ कमी असतं. एवढं बोलून ते थांबले. मला वाटलं फोन ठेवला.

"तुझं ते भोपळ्याचं सोंग उभं आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, उभं आहे, पण दोन तुकड्यांत.

"बरं झालं," ते म्हणाले. "अख्खं असतं तर तू अजून तळघरातच असतास."